जिरेनियमचा पावसाळा

जिरेनियमविषयी जे काही वाचायला मिळते, त्यातले बहुतेक सगळे बर्फ पडणाऱ्या देशांत लिहिलेले असते. त्यात पहिली धास्ती गारठ्याची आणि दुसरीही गारठ्याचीच. सप्टेंबर संपत आला की कुंड्या घरात कशा न्याव्यात, तळघरात किती अंधार चालेल, मे महिन्यात त्या पुन्हा बाहेर कधी काढाव्यात, याचे सविस्तर वेळापत्रक त्यात दिलेले असते. पुण्यात राहणाऱ्या माणसाला या वेळापत्रकाचा काडीचाही उपयोग नाही, असे वाटणे साहजिक आहे. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, आणि नेमका तोच काळ या झाडाच्या बहराचा असतो. मात्र त्या मजकुरातल्या हिवाळ्याच्या जागी आपला पावसाळा धरला, की ते सगळे वेळापत्रक, थोडी काटछाट करून, आपल्या गॅलरीला लागू पडते. गेली बरीच वर्षे मी जिरेनियम सांभाळते आहे ती याच हिशेबाने.

हा हिशेब का जुळतो, ते या झाडाच्या मूळ मुलखाकडे पाहिल्यावर कळते. आपण ज्याला जिरेनियम म्हणतो ती वनस्पती शास्त्रीय वर्गीकरणात पेलार्गोनियम या प्रजातीत मोडते. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये तिला खऱ्या जिरेनियमच्या जातींबरोबर एकत्र ठेवले होते आणि १७८९ मध्ये लेरित्ये या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची प्रजाती वेगळी केली, पण तोवर बागवानांच्या तोंडी बसलेले नाव काही बदलले नाही. या प्रजातीच्या पावणेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य दक्षिण आफ्रिकेच्या, त्यातही केपच्या परिसरातल्या आहेत. गोल पानावर तपकिरी पट्टा मिरवणारे, लाल झुबक्याचे जे झोनल जिरेनियम आपण रोपवाटिकेत पाहतो, ते मुख्यतः झोनाले आणि इन्क्विनान्स या दोन जातींच्या संकरातून आले आहे. पानावरचा पट्टा झोनालेकडचा आणि फुलांचा तो भडक लाल रंग इन्क्विनान्सकडचा. गॅलरीच्या कठड्यावरून खाली लोंबणारे, जाडसर चकचकीत पानांचे आयव्ही जिरेनियम पेल्टाटम या जातीपासून आले, आणि ती जात केपचा डच गव्हर्नर विलेम आद्रियान फान डेर स्टेल याने १७०० मध्ये हॉलंडला पाठवली होती.

या जाती खडकांच्या कपारीत, दगडगोट्यांच्या उतारावर, समुद्राकाठच्या झुडपांच्या आधाराने वाढतात. पाणी पडते आणि निघून जाते, अशीच त्यांची जमीन असते. केपच्या पश्चिम भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, तर पूर्वेकडे तो वर्षभर थोडा थोडा पडत राहतो. त्या मुलखात दोन गोष्टी या झाडाच्या सहसा वाट्याला येत नाहीत. एक म्हणजे जमीन गोठवणारी थंडी, आणि दुसरी म्हणजे चार-चार महिने उबदार हवेत सतत भिजत राहणे. पहिली गोष्ट त्याला युरोपात गेल्यावर भेटली आणि दुसरी आपल्याकडे आल्यावर. दोन्ही ठिकाणी माणसाने एकच उपाय काढला, तो म्हणजे कुंडी उचलून छपराखाली नेण्याचा.

माझी एक मावसबहीण म्युनिकला राहते. बव्हेरियातल्या आणि आल्प्सच्या खोऱ्यांतल्या लाकडी घरांच्या खिडक्यांखाली लाल जिरेनियमच्या लांबलचक पेट्या लावलेल्या असतात, आणि त्या पाहून हे झाड तिथलेच असावे अशी कोणाचीही खात्री पटेल. तिच्याकडे या पेट्या बाहेर काढण्याचा मुहूर्त ठरलेला आहे. मे महिन्याच्या ११ ते १५ या तारखांच्या आसपास काही ख्रिस्ती संतांचे दिवस येतात, त्यांना तिथले लोक बर्फाचे संत म्हणतात, आणि त्यांतली शेवटची, १५ तारखेची ‘थंड सोफी’ होऊन गेल्याशिवाय नाजूक रोपे उघड्यावर ठेवायची नाहीत, असा शेतकऱ्यांचा जुना संकेत आहे. ऑक्टोबरात पुन्हा सगळे आत. फांद्या आखूड छाटायच्या, पाणी जवळजवळ तोडायचे, आणि पाच ते दहा अंशांच्या गार खोलीत झाड अर्धवट झोपवून ठेवायचे. काही जण तर कुंडीतून झाड उपटून, मुळांवरची माती झाडून, ते तळघरात उलटे टांगून ठेवतात आणि मार्चमध्ये पुन्हा मातीत लावतात. जाडसर, रसाळ खोडात साठवलेल्या पाण्यावर ते तेवढे दिवस काढते. मागे फोनवर ती मला म्हणाली, ‘‘ताई, तू जून लागला की कुंड्या आत घेतेस आणि मी ऑक्टोबर लागला की. आपण दोघींत मिळून एकच कुंडी घेतली असती तरी चाललं असतं गं!’’

हिशेबात काटछाट करावी लागते ती इथे. तिचे झाड आत गेले की झोपते, कारण तिथली आतली हवा गार आणि कोरडी असते. आपल्या पावसाळ्यात झाड आत घेतले तरी हवा दमट आणि चोवीस-पंचवीस अंशांची असते, त्यामुळे ते झोपत नाही आणि नीट वाढतही नाही. अशा झाडाला कोंदट खोलीत ठेवून पाणी तोडले, तर आठवड्याभरात खालची पाने पिवळी पडून खोडाला चिकटतात आणि तिथूनच राखाडी बुरशीची लव सुरू होते. म्हणून पुण्यात ‘आत’ याचा अर्थ भिंतींच्या आत असा घेऊन चालत नाही. आपल्याला हवी असते ती वर छप्पर आणि तीन बाजूंनी वारा असलेली जागा, म्हणजे साध्या भाषेत ग्रिलची गॅलरी. पावसाची झड जिथपर्यंत येत नाही, अशी त्या गॅलरीतली मागची रांग जिरेनियमची. मुंबई-कोकणात पाऊस आपल्या कित्येक पटींनी पडतो आणि हवाही जास्त दमट असते, तिथे हे झाड टिकवणे मला तरी कष्टाच्या मानाने परवडणारे वाटत नाही. पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात मात्र ते नक्की जमते.

सोलापूर रस्त्यावर मांजरी-उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिकांची जी रांग आहे, तिथे नोव्हेंबर उजाडला की लाल, गुलाबी, पांढरी जिरेनियम काळ्या पिशव्यांतून मांडलेली दिसू लागतात. तिथल्या एका काकांकडे मी नेहमी जाते. दरवर्षी ते मला मनापासून तोच सल्ला देतात, ‘‘मॅडम, हे सीझनल समजा. होळीपर्यंत बघा आणि टाकून द्या. पुढच्या वर्षी आपण आहोतच.’’ त्यांच्या धंद्याला धरूनच ते बोलतात, आणि पिटुनियाच्या बाबतीत मी त्यांचे निमूटपणे ऐकतेही. जिरेनियम मात्र मुळात बहुवर्षायू झाड आहे. त्याचे खोड खाली लाकडासारखे होत जाते आणि जुन्या खोडावरून निघालेला बहर पहिल्या वर्षीच्या बहराहून भरघोस असतो. केवळ आपला पावसाळा त्याला मानवत नाही म्हणून त्याला एका मोसमाचे पाहुणे ठरवणे मला पटत नाही.

पिशवीतले रोप घरी आणल्यावर पहिल्यांदा त्याची माती बदलावी. रोपवाटिकेतला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा पुरता सुकला की वरून घातलेले पाणी कडेने वाहून जाते, आणि एकदा पुरता भिजला की आठ-आठ दिवस ओलाच राहतो. मी दोन भाग पोयटा माती, एक भाग चाळलेली जाड वाळू किंवा विटांचा चुरा, एक भाग पुरते कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण करते. कुंडी मातीचीच असावी, आणि ती झाडाच्या मानाने लहान असावी. मोठ्या कुंडीत मुळे पोहोचत नाहीत तेवढ्या मातीत ओल साचून राहते आणि झाड फुलण्याऐवजी पाने वाढवत बसते. सहा ते आठ इंची कुंडी एका झाडाला भरपूर झाली. पावसाळ्यात तिच्याखालची बशी काढून टाकून कुंडी दोन विटांवर ठेवावी, एवढ्या साध्या गोष्टीने मुळे कुजण्याचा निम्मा धोका टळतो.

पाण्याचा विषय निघाला की मला वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनातले एक चित्र आठवते. रेम्ब्रँट पील या अमेरिकन चित्रकाराने १८०१ मध्ये आपला धाकटा भाऊ रूबेन्स याला जिरेनियमच्या कुंडीशेजारी बसवून ते काढले. रूबेन्स तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि त्याची दृष्टी अधू होती. चित्रात त्याने एक चष्मा घातलेला आहे आणि दुसरा हातात धरलेला आहे. जिरेनियमची उंच, जराशी विस्कटलेली फांदी त्याच्या डोक्याच्याही वर गेली आहे. खरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे त्याचा दुसरा हात. त्या हाताची बोटे कुंडीच्या काठावर टेकलेली आहेत, जणू मातीत किती ओल आहे ते तो चाचपून बघतो आहे. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या या मुलाने झाडे जोपासण्यात नाव काढले, यात मला तरी काही विसंगत वाटत नाही, कारण जिरेनियमला पाणी हवे की नको हे डोळ्यांना कळतच नाही. वरची माती पांढरी पडलेली असते आणि आत चिखल असतो. बोटाचे पहिले पेर मातीत खुपसावे, तिथे ओल लागली तर झारी ठेवून द्यावी. थंडीत दोन-तीन दिवसांनी आणि एप्रिलमध्ये रोज पाणी लागते, तर जुलैत कधी कधी आठवडा उलटून जातो. पाणी सकाळी, मातीत घालावे, पानांवर नाही. ज्यांना रोज संध्याकाळी पाइप धरून सगळी बाग न्हाऊ घालण्यातच आनंद मिळतो, त्यांनी जास्वंद लावावी.

ओलीचा परिणाम जवळून पाहायचा असेल, तर जुलैअखेरीस आयव्ही जिरेनियमचे एक पान उलटे करून उजेडात धरावे. पानाच्या खालच्या बाजूला आधी पाणी भरल्यासारखे बारीक फोड दिसतात, आणि काही दिवसांनी तेच फोड तपकिरी, खरखरीत, बुचासारखे होतात. पहिल्यांदा पाहणारा हमखास कीडनाशक आणायला धावतो, पण हा रोग नाही आणि कीडही नाही. माती ओली आणि उबदार असते, मुळे पाणी वर ओढत राहतात, बाहेरची हवा मात्र आधीच पाण्याने भरलेली असल्यामुळे पानांतून बाष्प पुरेसे बाहेर पडत नाही, आणि आतल्या पेशी फुगून फुटतात. झालेले डाग जात नाहीत. पाणी कमी करणे आणि कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवून वारा खेळू देणे, एवढेच त्यावर करण्यासारखे असते. झोनलच्या पानाखाली मात्र विटकरी पूड गोल कड्यांनी उठलेली दिसली तर तो खरा तांबेरा. ती पाने तोडून कचऱ्यात टाकावीत, खतात नाही. आणि जमिनीलगतचे खोड काळे, मऊ पडलेले दिसले तर ते झाड गेले असे समजून वरच्या निरोगी फांद्यांची कलमे करण्याची तयारी करावी.

कलमांच्या बाबतीत जिरेनियमसारखे उदार झाड क्वचितच असेल. बोटभर लांबीची, फूल नसलेली फांदी पेराच्या थोडी खाली धारदार पात्याने कापायची, खालची पाने आणि पेराशी असलेली कागदासारखी उपपर्णे काढून टाकायची, आणि ती फांदी काही तास सावलीत तशीच पडू द्यायची. कापलेली बाजू सुकून तिच्यावर पापुद्रा धरला की मग ओलसर वाळूत रोवायची. बाकीच्या कलमांवर आपण प्लॅस्टिकची पिशवी घालतो तशी इथे घालायची नाही, कारण त्या दमटपणात ही फांदी मूळ धरण्याआधीच कुजते. मुळे फुटण्याची पावडरही लागत नाही. फेब्रुवारीत लावलेली कलमे मार्च संपेपर्यंत रुजतात, आणि माझ्या अनुभवाने ही छोट्या कुंडीतली तरुण रोपे पावसाळ्यातून मोठ्या झाडांपेक्षा अधिक सुखरूप बाहेर पडतात. म्हणून आवडत्या रंगाची दोन-तीन कलमे मी दरवर्षी फेब्रुवारीत करून ठेवतेच. बाजारासाठी तर सगळी उलाढालच कलमांची चालते. युरोप-अमेरिकेतल्या उत्पादकांकडे केनिया, इथिओपिया, ग्वाटेमाला अशा विषुववृत्ताजवळच्या डोंगराळ देशांतून न रुजलेल्या फांद्या विमानाने येतात. त्याचे तोटेही आहेत. २००३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये अशा आयात फांद्यांबरोबर राल्स्टोनिया नावाचा मर रोगाचा जिवाणू अमेरिकेत पोहोचल्याचे उघड झाले, आणि तो बटाटा-टोमॅटोलाही घातक असल्यामुळे तिथल्या कृषी खात्याला हरितगृहांतली रोपे मोठ्या प्रमाणावर नष्ट करावी लागली.

बहर टिकवण्याचे मुख्य काम हाताचे असते. जिरेनियमचा झुबका एकदम उमलत नाही आणि एकदम सुकतही नाही. त्यातली काही फुले वाळतात तेव्हा बाजूच्या कळ्या खाली माना घालून वाटच पाहत असतात. सुटी सुकलेली फुले बोटांनी वेचून काढावीत. सगळा झुबका संपला की त्याचा दांडा, जिथे तो खोडाला मिळतो तिथे अंगठ्याने खालच्या बाजूला दाबावा. तिथे एक फुगीर सांधा असतो आणि दांडा बारीकसा आवाज करून स्वच्छ तुटतो, कात्री लागत नाही. दांडा अर्ध्यावर कापला तर उरलेला तुकडा पावसाळी हवेत कुजून कूज खोडात उतरते. खत म्हणून मी थंडीत पंधरा दिवसांनी एकदा लिटरभर पाण्यात ग्रॅमभर १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, विरघळवून घालते. नत्र जास्त झाले की हिरवळ वाढते आणि फुले रुसतात. जून ते सप्टेंबर खत पूर्ण बंद.

फुले वेचताना एखादे ताजे फूलही हातात घेऊन पाहावे. या फुलाचा मधुकोश बाहेर कुठेच दिसत नाही. पाकळ्यांच्या मागे, वरच्या बाजूने एक अरुंद नळी निघते आणि ती फुलाच्या देठालाच चिकटून खाली जाते, जिथे ती संपते तिथे देठावर एक छोटेसे टेंगूळ दिसते. त्या टेंगळाच्या वर देठ ब्लेडने आडवा कापला तर भिंगातून शेजारी शेजारी दोन गोल दिसतात, एक देठ आणि दुसरी मधाची नळी. पेलार्गोनियमची ही खास खूण आहे. खऱ्या जिरेनियमच्या फुलात ती नसते. क्वचित आपल्याकडेही फळ धरते, आणि ते पिकले की पाच बिया आपापली शेपटी घेऊन सुटतात. ती शेपटी सुती धाग्याला पीळ भरावा तशी कोरडेपणी वळलेली असते आणि तिच्यावर पिसासारखे केस असतात. बी तळहातावर घेऊन तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला की पीळ हळूहळू उलगडू लागतो. जमिनीवर हेच ओलेपण आणि कोरडेपण आलटून-पालटून आले, की बी गोल फिरत स्वतःला मातीत रुतवून घेते. संकरित झोनलच्या बियांपासून आईसारखेच रोप मिळेल याची खात्री नसते, तरी हा खेळ एकदा पाहण्यासारखा आहे.

घरात, म्हणजे खरोखर भिंतींच्या आत, जिरेनियम ठेवण्याविषयी मला वारंवार विचारले जाते. उत्तर उजेडावर अवलंबून आहे. झोनल जिरेनियमला दिवस लहान की मोठा याने फारसा फरक पडत नाही. त्याला एकूण प्रकाश किती मिळतो, यावर त्याची फुले ठरतात. पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या खिडकीच्या कट्ट्यावर चार-पाच तास थेट ऊन येत असेल तर ते तिथे उत्तम राहते. सोफ्याशेजारच्या कोपऱ्यात मात्र त्याच्या दोन पानांमधले अंतर वाढत जाते, खोड लोळू लागते आणि झुबके विरळ होतात. अशा झाडाचा शेंडा खुडून खालून फुटवे काढता येतात, पण जागा तीच राहिली तर तेही तसेच लांबुळके होतात. अमेरिकेचा अध्यक्ष असताना थॉमस जेफरसनच्या खोलीत, खिडकीपाशी जिरेनियमची कुंडी असे, आणि १८०९ मध्ये तो पद सोडून गावी निघाला तेव्हा मार्गारेट बेयर्ड स्मिथ या परिचित बाईंनी त्याच्याकडून ती मागून घेतली होती. कुंडी खिडकीपाशीच होती, हे मी आवर्जून सांगते. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला येणार नाही अशी ठेवावी, कारण पाने चघळल्यास त्यांना उलट्या होऊ शकतात.

प्राण्यांवरून आठवले. जपानी भुंगेरा नावाचा किडा अमेरिकेत बागांचा मोठा शत्रू आहे. तो झोनल जिरेनियमच्या पाकळ्या आवडीने खातो आणि अर्ध्या तासाच्या आत पाय ताणून लुळा पडतो. बहुतेक वेळा दिवसभरात तो पुन्हा हालचाल करू लागतो, अर्थात तोवर कोणी पक्ष्याने त्याला टिपले नसेल तर. हे निरीक्षण १९२० च्या दशकापासूनचे आहे, आणि त्यामागे पाकळ्यांतले क्विस्क्वालिक आम्ल आहे हे २०११ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. आपल्याकडे हा भुंगेरा नाही. आपल्याकडे त्रास असतो पिठ्या ढेकणाचा आणि पांढऱ्या माशीचा, आणि त्यांच्यावर या पाकळ्यांचा काडीचाही परिणाम होत नसावा, असे माझ्या गॅलरीतल्या त्यांच्या तब्येतीवरून वाटते. पिठ्या ढेकूण काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढावा. नीमतेल कडक उन्हात फवारू नये, पाने भाजतात.

याच घराण्यातली सुगंधी जिरेनियम मात्र फुलासाठी नव्हे, पानासाठी लावतात. त्यांची फुले फिकट गुलाबी आणि बारीक असतात, पण कातरलेले केसाळ पान बोटांत चुरडले की गुलाबाचा दाट वास येतो, कारण गुलाबाच्या तेलात असणारे सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल हे घटक त्याच्या तेलातही असतात. रियुनियन बेटावर, ज्याचे जुने नाव बूर्बाँ, या तेलाचा मोठा व्यापार होता, आणि भारतात ही लागवड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या येरकाडच्या डोंगरांत आली, नंतर निलगिरीत पसरली. अलीकडे महाराष्ट्रातल्या कोरडवाहू पट्ट्यांतही शेतकरी गादीवाफे आणि ठिबक करून ती घेऊ लागले आहेत. टनभर ओल्या पाल्यातून ऊर्ध्वपातनाने मिळणारे तेल साधारण किलोभरच असते, त्यामुळे पैसा दिसतो तितका सरळ मिळत नाही. माझ्या विषयाशी जुळणारी गोष्ट वेगळीच आहे. या संकरित वाणाला बी धरत नाही, सगळी लागवड कलमांची, आणि मैदानी भागात मातृवृक्ष पावसाळ्यात मरत असल्यामुळे दरवर्षी रोपे नव्याने विकत आणावी लागत. वातानुकूलित काचघरात ती जगवली तर एक रोप सुमारे ३५ रुपयांना पडे. औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या लखनौच्या सीमॅप या सरकारी संस्थेने पावसाळ्यापुरते साधे प्लॅस्टिकचे छप्पर, बाजूंनी हवा मोकळी, अशी निवाऱ्याची पद्धत काढली आणि हा खर्च सुमारे दोन रुपयांवर आणला. सरकारी प्रयोगशाळेचा निष्कर्ष आणि माझ्या गॅलरीतली मागची रांग यांचे असे एकमत झालेले पाहून मला थोडा आनंद झाला हे मी लपवणार नाही.

गॅलरीतले वर्ष मग असे जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी भरपूर ऊन आणि भरपूर फुले. मार्चच्या मध्यापासून दुपारी बारा ते चार हिरवी जाळी किंवा भिंतीची सावली. पारा छत्तीसच्या वर गेला की कळ्या उमलण्याआधीच वाळू लागतात, तेव्हा जास्त खत घालून झाडाला धारेवर धरण्यात अर्थ नाही. मेच्या मध्यावर हलकी छाटणी, म्हणजे कडक उन्हात जखमा सुकून पावसाआधी बंद होतात. जूनच्या पहिल्या वळवानंतर कुंड्या मागच्या रांगेत. मोठी, खोडापर्यंतची छाटणी सप्टेंबरअखेरीस, पाऊस पुरता उघडल्यावर, आणि मग ऑक्टोबरचे ऊन हळूहळू दाखवत पुन्हा पुढे. एकदम कडक उन्हात ठेवले तर सावलीत वाढलेली पाने दोन दिवसांत पांढरी पडतात.

राहता राहिले रीगल जिरेनियम, मोठ्या सुरकुतलेल्या पाकळ्यांचे, गडद डागाचे, सर्वांत देखणे. कळ्या धरण्यासाठी त्याला काही आठवडे सलग पंधरा अंशांखालच्या रात्री लागतात. पुण्यात त्या जेमतेम डिसेंबर-जानेवारीत मिळतात, आणि कळ्या उमलायच्या बेतात येईतो फेब्रुवारीअखेरचे ऊन तापू लागलेले असते. उटीच्या हवेत ते खुलते, पाचगणी-महाबळेश्वरला छपराखाली कदाचित जमेल. आमच्या गॅलरीत त्याचे हाल करण्याची माझी इच्छा नाही. त्यामुळे ओळखीचे कोणी उटीला निघाले, की मी त्यांना रीगलचे रोप आणायला सांगत नाही. वेगळ्या रंगाचे झोनल कुठे दिसले आणि मालकाने दिली तर त्याची बोटभर फांदी तेवढी आणा, असे सांगते. ती ओल्या फडक्यात अजिबात गुंडाळायची नाही, कोरड्या वर्तमानपत्रात ठेवायची. दोन दिवसांच्या प्रवासात ती थोडी मलूल होते, पण काप सुकून लावण्याजोगी होऊनच घरी पोहोचते.